अकरावी-बारावीचा इतिहास झेपवायचा कसा? मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीनंतर आर्ट्सला आलेली मुलं आणि त्यांचे आईबाबा जून ते फेब्रुवारी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात. ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवताना जी उत्तरं उपयोगी पडताना पाहिली, ती इथे दिली आहेत. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाला धरून आहेत. आयबी किंवा एपी हे परदेशी मंडळांचे अभ्यासक्रम घेतलेल्यांसाठी एक वेगळा प्रश्न पुढे आहे. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. आज जिथे अडलं आहे तिथून सुरू करा.

सगळे म्हणतात आर्ट्स सोपं असतं. मग इतिहासाचा एवढा भार का वाटतो?

कारण तो खरोखरच वाढलेला असतो. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर होता. बारावीला एकट्या इतिहासाची लेखी परीक्षा ८० गुणांची असते आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. अकरावीला हडप्पापासून मराठ्यांपर्यंतचा भारत येतो. बारावीचं पुस्तक युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होऊन वसाहतवाद, सुधारणा, स्वातंत्र्यलढा, महायुद्धं, शीतयुद्ध असं करत बदलत्या भारतापाशी येऊन थांबतं. एका वर्षात इटलीतल्या शहरांपासून पोखरणपर्यंत जायचं म्हणजे दम लागणारच.

पण मुलं बिचकतात ती पानांच्या संख्येला, आणि अडकतात दुसरीकडेच. वाचन बरंच झालेलं असतं, लिहिलेलं काहीच नसतं. डिसेंबरच्या पूर्वपरीक्षेत पहिल्यांदा पाऊण पानाचं उत्तर लिहायला बसलं की वाचलेलं सगळं एकमेकांत मिसळतं. म्हणून या पानावरच्या बहुतेक उत्तरांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: कमी वाचा, लवकर लिहायला लागा.

रोज किती तास द्यायचे?

वर्ग सुरू असताना रोज पाऊण तास पुरतो, त्यातली निदान वीस मिनिटं हातात पेन असेल तर. रविवारी एक सलग दीड तासाची बैठक ठेवा आणि ती फक्त आठवड्यात झालेल्या भागावरचं एक मोठं उत्तर लिहिण्यासाठी वापरा. सलग पाच तास इतिहास वाचल्याचं समाधान मिळतं, पण तिसऱ्या तासानंतर डोळे ओळींवरून नुसते सरकत असतात.

पुस्तकात सगळंच महत्त्वाचं वाटतं. पिवळ्या पेनाने अर्धं पान रंगतं. नोट्स काढायच्या कशा?

आधी धड्याच्या शेवटचा स्वाध्याय वाचा, मग धडा. त्यामुळे काय शोधायचं हे वाचण्याआधीच ठरतं.

पहिल्या वाचनात काहीही लिहू नका, रेघही मारू नका. गोष्ट वाचल्यासारखं वाचून काढा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक उपघटकाला तीनच प्रश्न विचारा: काय बदललं, का बदललं, कोणाचं काय झालं. उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहा. पुस्तकातली वाक्यं उतरवणं म्हणजे हस्ताक्षराचा सराव, त्यातून डोक्यात काही राहत नाही.

उदाहरण घेऊ. ‘वसाहतवाद आणि मराठे’ या भागात वसईचा तह येतो. बहुतेक वह्यांमध्ये एवढंच सापडतं: ‘३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसरा बाजीराव व इंग्रज यांच्यात वसईचा तह झाला.’ हे बरोबर आहे, पण यावरून चार गुणांचं उत्तर उभं राहत नाही. आता तीन प्रश्न लावा. का झाला? सवाई माधवराव १७९५ मध्ये गेले, नाना फडणवीस १८०० मध्ये गेले, पुण्याच्या दरबाराला धरून ठेवणारं कोणी उरलं नाही. शिंदे आणि होळकर यांचं वैर पेटलं. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला आणि बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला. काय बदललं? पेशव्याने तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने ठेवायची इंग्रजांची फौज, स्वीकारली, परराष्ट्रीय व्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने चालवायचं मान्य केलं. कोणाचं काय झालं? शिंदे आणि भोसले यांना हे मान्य नव्हतं, १८०३ मध्ये दुसरं इंग्रज-मराठा युद्ध सुरू झालं आणि १८१८ पर्यंत पेशवाई संपली.

हे सगळं वहीच्या अर्ध्या पानात मावतं. यातून टीप लिहिता येते, ‘सकारण स्पष्ट करा’ सुटतं आणि मराठी सत्तेच्या ऱ्हासावर मोठं उत्तर आलं तर त्याचा मधला भागही तयार असतो. तीन वेगवेगळी उत्तरं पाठ करण्यापेक्षा हे हलकं पडतं.

एका धड्याच्या नोट्स दोन पानांत बसल्या पाहिजेत. चार पानं झाली तर तुम्ही निवड केलेली नाही, नुसती नक्कल केली आहे.

सनावळी लक्षातच राहत नाही. काय करू?

सगळी लक्षात ठेवायचा प्रयत्न सोडून द्या. दहा-बारा साल पक्की करा आणि बाकीच्या घटना त्यांच्या मागे किंवा पुढे अडकवा. १८५७ पक्कं असेल तर ‘उठावानंतर वर्षभरात कंपनीचा कारभार संपून राणीचा सुरू झाला’ हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

मुंबईत राहणाऱ्यांना यात फार मोठा फायदा आहे आणि तो बहुतेक जण घेत नाहीत. पुस्तकातल्या कितीतरी घटना तुमच्या रोजच्या रस्त्यावर घडल्या आहेत. १६६१ च्या विवाह करारात मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, ठाणे हा सगळा भाग तेव्हा मुंबई नव्हताच, ते साष्टी बेट होतं. ते मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलं, पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांना हवं तरी काय होतं, हे अंधेरीच्या पुलावर उभं राहिलं की चटकन समजतं: मुंबई बंदराच्या पाठीमागची ही जमीन.

पुढची साखळीही इथलीच आहे. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ मुंबईत निघालं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आणि १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला. २८ डिसेंबर १८८५ ला राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरलं. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरण्यांमधल्या कामगारांनी सहा दिवस संप केला. १९३० मध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर बाबू गेनू हुतात्मा झाले. ८ ऑगस्ट १९४२ चा ठराव गोवालिया टँक मैदानावर, फेब्रुवारी १९४६ चा नाविकांचा उठाव कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रावर, २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटच्या ब्रिटिश पलटणीचं प्रयाण गेटवेतून, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र.

ही साल एका कागदावर उतरवा, समोर स्टेशनचं नाव लिहा. प्रत्येक सालाखाली त्याच सुमारास देशात आणि जगात काय चाललं होतं ते एका ओळीत जोडा. हा कागद वर्षभर भिंतीवर राहू द्या. माझ्या मते बारावीच्या इतिहासासाठी यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ साधन दुसरं नाही.

मोठी उत्तरं लिहिताना पान भरतं, पण गुण मिळत नाहीत. कुठे चुकतं?

बहुतेक वेळा पहिल्या परिच्छेदात. ‘भारताच्या इतिहासात अनेक महान चळवळी होऊन गेल्या. त्यापैकी एक महत्त्वाची चळवळ म्हणजे…’ अशी सुरुवात तपासणाऱ्याने दिवसभरात कितीतरी वेळा वाचलेली असते आणि तिला एकही गुण नसतो. पहिल्याच वाक्यात प्रश्नाचं उत्तर द्या.

समजा, छोडो भारत चळवळीचं स्वरूप विचारलं आहे. पहिलं वाक्य असं लिहिता येईल: ‘बडे नेते पहिल्याच दिवशी अटकेत गेल्यामुळे १९४२ ची चळवळ लोकांनी आणि भूमिगत कार्यकर्त्यांनी आपापल्या भागात चालवली.’ आता पुढच्या प्रत्येक परिच्छेदाला दिशा मिळाली. पार्श्वभूमी: महायुद्ध, क्रिप्स योजनेचं अपयश, ८ ऑगस्टचा ठराव. नेते अटकेत: ९ ऑगस्टच्या पहाटेची धरपकड आणि त्याच दिवशी गोवालिया टँकवर अरुणा असफअलींनी फडकवलेला झेंडा. भूमिगत काम: उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालवलेलं आणि नोव्हेंबरात पोलिसांच्या हाती लागलेलं गुप्त रेडिओ केंद्र. समांतर सत्ता: सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, बंगालात तामलुक, उत्तर प्रदेशात बलिया. शेवटी परिणाम, दोन वाक्यांत.

यात कुठे मोठी भाषा नाही. प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा आणि त्याला धरून एक नाव, गाव किंवा साल आहे. तेवढं पुरतं. प्रश्नासोबत मुद्दे दिलेले असतील तर त्याच क्रमाने लिहा, आपला क्रम लावू नका.

सराव असा करा. पहिले दोन महिने पुस्तक उघडं ठेवून लिहा, वेळ लावू नका. दिवाळीनंतर पुस्तक मिटून. नाताळनंतर घड्याळ लावून. लिहिलेलं उत्तर सरांना किंवा मॅडमना दाखवायला लाजू नका. आठवड्याला एक उत्तर कोणी घेऊन आलं तर शिक्षकाला त्याचा आनंदच होतो.

‘तुमचे मत नोंदवा’ यात काहीही मत चालतं का?

मत कोणतंही चालतं, पुरावा मात्र लागतो. ‘भारताचं अलिप्ततावादी धोरण योग्य होतं’ असं लिहायचं तर निदान दोन आधार द्या: नुकतंच स्वतंत्र झालेल्या देशाला दोन्ही गटांकडून मदत घेता आली, आणि १९५५ ची बांडुंग परिषद, १९६१ ची बेलग्रेड परिषद यांतून आशिया-आफ्रिकेतल्या देशांना एक व्यासपीठ मिळालं. मग समोरच्या बाजूचा एक मुद्दा मान्य करा, उदाहरणार्थ १९६२ च्या युद्धात भारताला पाश्चात्त्य देशांकडे मदत मागावी लागली. तरीही तुम्ही तुमच्या मतावर का ठाम आहात ते एका वाक्यात सांगा. ‘मला असं वाटतं’ एकदाच लिहा.

नकाशा आणि संकल्पनाचित्र?

कमी कष्टात मिळणारे गुण आहेत. पुस्तकातला प्रत्येक नकाशा एकदा हाताने काढा, सुबक नसला तरी चालेल. व्यापारी मार्ग आणि वसाहतींची ठाणी हाताने काढली की लक्षात राहतात.

प्रकल्पासाठी विषय सुचत नाही. इंटरनेटवरून उतरवला तर?

उतरवू नका. प्रकल्प हा या अभ्यासातला सगळ्यात जिवंत भाग आहे आणि इतिहास म्हणजे नेमकं काय काम, ते फक्त इथेच करून बघायला मिळतं.

विषयाऐवजी प्रश्न शोधा. ‘मुंबईच्या गिरण्या’ हा विषय कधीच संपणार नाही. ‘१९८२ च्या संपानंतर आमच्या चाळीतल्या गिरणी कामगारांच्या घरात कमावतं कोण झालं?’ हा प्रश्न पाच-सहा घरांत जाऊन सुटतो. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड इथे अजूनही ते आजोबा भेटतात, आणि घरी खाणावळ चालवून, शिवणकाम करून संसार ओढलेल्या आज्याही भेटतात. आज्यांना नक्की विचारा. त्यांचं बोलणं कुणी फारसं लिहून ठेवलेलं नाही.

मुलाखतीला जाताना आधी परवानगी घ्या, फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर तसं सांगा. ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हटलं की माणसं गप्प होतात किंवा भाषण करतात. त्यापेक्षा ‘संपाआधी पगार कोणत्या तारखेला व्हायचा? घरी आल्यावर तो कोणाच्या हातात जायचा?’ असं विचारा. गिरणीचा पास, पगाराची पावती, जुना फोटो असं काही घरात असेल तर पाहायला मागा, त्याचं वर्णन लिहा. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तो लपवू नका. प्रकल्पात तसंच लिहा आणि तो का पडला असेल याचा तुमचा अंदाज द्या.

घराजवळ गिरणगाव नसेल तर दुसरं काही असेलच. बोरिवलीकरांना कान्हेरी आहे. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याण आणि सोपारा इथल्या दात्यांची नावं आहेत. अकरावीच्या सातवाहनकालीन व्यापारावर याहून चांगला प्रकल्प कुठे मिळणार? वसई-विरारच्या मुलांना वसईचा किल्ला, गेटवेवरून लाँचने घारापुरी, दादरला चैत्यभूमी आणि राजगृह, गावदेवीला मणिभवन, जिथे १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की मुक्काम करत. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून लोकांसाठी खुलं आहे आणि फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून. पुस्तकं लागली तर १८९८ मध्ये स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादर-नायगावला आहे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे कागदपत्रं बघायची असतील तर कॉलेजचं पत्र घ्या आणि आधी चौकशी करून जा.

प्रकल्प दिवाळीच्या सुट्टीत संपवा. जानेवारीत तो हातात राहिला तर लेखीचा वेळ खातो.

विरारहून चर्चगेटला येतो. लोकलमध्ये अभ्यास होतो का?

उभ्याने, गर्दीत पुस्तक वाचायचा आग्रह धरू नका. पण ऐकणं होतं. आपल्याच आवाजात दोन पानांच्या नोट्स रेकॉर्ड करून ठेवा. नोट्स वाचून रेकॉर्ड करताना एक उजळणी होते, ऐकताना दुसरी. परतीच्या गाडीत जागा मिळाली तर एका चिठ्ठीवर आज वर्गात झालेले पाच मुद्दे आठवून लिहा, वही न उघडता. न आठवलेला मुद्दा घरी गेल्यावर पाहा. ज्या दिवशी अंग दुखतंय त्या दिवशी डोळे मिटून बसा. प्रवासाचा प्रत्येक मिनिट अभ्यासाने भरला नाही तर काहीही बिघडत नाही.

दिवसा काम करतो आणि रात्र महाविद्यालयात शिकतो. हे सगळं मला जमणार नाही.

सगळं करायचंच नाही. तुमच्यासाठी क्रम असा: पाठ्यपुस्तक, दोन पानांच्या नोट्स, आठवड्याला एक लिहिलेलं उत्तर. गाईड, दहा-दहा व्हिडिओ, क्लासच्या झेरॉक्स यांच्या मागे लागू नका. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते, ती फोनमध्ये ठेवा. दुकानात दुपारची मंदी असेल तर स्वाध्यायातले वस्तुनिष्ठ प्रश्न तेव्हा होतात. मोठं उत्तर सुट्टीच्या दिवशी सकाळी, डोकं ताजं असताना. घरात जागा नसेल तर जवळच्या वॉर्डात अभ्यासिका आहे का ते पाहा. परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात थोडी रजा मिळेल का हे मालकाला डिसेंबरातच विचारून ठेवा, आयत्या वेळी मागितलेली रजा मिळणं अवघड जातं. आणि एक मनापासून सांगायचं आहे: कामगार, बाजार, भाव, संप यांच्यावरचे धडे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळतात. उत्तरात ती समज दिसू द्या.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता कॉलेजात लेक्चर इंग्रजीत. पेपर कोणत्या भाषेत लिहू?

ज्या भाषेत कारणं सांगता येतात त्या भाषेत. पेपर मराठीत लिहिण्याची सोय आहे आणि मराठीत लिहिल्याने गुण कमी मिळत नाहीत. इंग्रजीत लिहायचं ठरवलंत तर जुलैतच ठरवा आणि दोन्ही भाषांतली पाठ्यपुस्तकं शेजारी ठेवून वाचा. नोव्हेंबरात माध्यम बदलणं टाळा.

गाईड, क्लास, यूट्यूब, एआय यातलं काय वापरू?

गाईडमधलं तयार उत्तर तुमचं उत्तर लिहून झाल्यावर बघा, आधी नाही. व्हिडिओ पहिल्या महायुद्धाची कारणं किंवा शीतयुद्धातले गट असे गुंतागुंतीचे भाग उलगडायला चांगले, पण व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास झाला असं धरू नका. एआयला ‘या उत्तरात कोणता मुद्दा सुटला?’ असं विचारायला हरकत नाही. त्याने दिलेलं प्रत्येक साल आणि नाव मात्र पाठ्यपुस्तकात तपासा, कारण ते चुकीचं सालही तितक्याच ठामपणे सांगतं.

आयबी, एपी किंवा ए लेव्हलला इतिहास घेतला आहे. हेच लागू होतं का?

नोट्सची पद्धत आणि लवकर लिहिण्याचा आग्रह जसाच्या तसा लागू होतो. फरक साधनांचा आहे. तिथे अनोळखी उतारे, व्यंगचित्रं, पत्रं देऊन त्यांवर लिहायला सांगतात. एपीच्या जागतिक इतिहासात कागदपत्रांवरच्या निबंधाला सात साधनं असतात आणि सुचवलेला वेळ एक तास, त्यातली पंधरा मिनिटं वाचायला. त्यामुळे रोज एक छोटं साधन घ्या आणि हे कोणी, कधी, कोणासाठी, कशासाठी लिहिलं याची चार ओळींत उत्तरं द्या. वाचनाची यादी शेकडो पानांची असते. प्रत्येक लेखाचा पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद आणि मधला एक पुरावा एवढं नीट वाचलं तर चर्चेत बोलता येतं. ज्यावर निबंध लिहिणार आहात तेवढे लेखच पूर्ण वाचा. आयबीतलं स्वतंत्र संशोधन करायला मुंबईसारखं शहर नाही, वरचं प्रकल्पाचं उत्तर तुमच्यासाठीही आहे.

जानेवारी उजाडला आणि अर्धं पुस्तक बाकी आहे. आता काय?

आता पहिल्या पानापासून सुरू करू नका. मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवा आणि जे धडे थोडेफार येतात ते आधी पक्के करा. मग एकमेकांना जोडलेले धडे एकत्र घ्या: युरोपीय वसाहतवाद, भारतातला वसाहतवाद आणि मराठे हा एक गट, सुधारणा आणि स्वातंत्र्यलढा हा दुसरा, महायुद्धं, जगातलं निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध हा तिसरा. एका गटाला चार दिवस द्या, पाचव्या दिवशी त्यावर लिहा. उरलेल्या धड्यांचं निदान वस्तुनिष्ठ आणि टीपांपुरतं वाचन करा. मित्राच्या सुंदर नोट्स पाहून नव्याने वही सजवायला बसू नका, आता तेवढा वेळ नाही.

राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्रही आहे. एकत्र अभ्यास होतो?

हो. शीतयुद्ध, अलिप्ततावाद, १९९१ चे आर्थिक बदल हे विषय आलटून पालटून तिन्हीकडे भेटतात. एकदाच नीट समजून घ्या, तिन्ही वह्यांत एकमेकांचे पान क्रमांक टाका.

मुलगी रात्री दोन वाजेपर्यंत जागते. आम्ही काय करावं?

आधी तिला झोपवा. झोप कमी झाली की वाचलेलं टिकत नाही, मग ती आणखी जागते आणि हे चक्र थांबत नाही. ‘इतिहासच तर आहे’ हे वाक्य घरात बोलू नका, त्याने तिचे कष्ट कोणाला दिसतच नाहीत असं तिला वाटतं. संध्याकाळी भाजी निवडताना पंधरा मिनिटं तिला म्हणा, आज काय शिकलीस ते मला समजावून सांग. तुम्हाला विषय येत नसला तर उत्तमच, तिला सोपं करून सांगावं लागेल. खोली एकच असेल तर तिच्या लिहिण्याच्या तासाला टीव्ही बंद ठेवा, एवढी मदतही पुष्कळ झाली. जेवण तुटलं, सतत रडू येतंय, कॉलेजला जायचंच नाही म्हणते, असं काही दिवस दिसलं तर अभ्यासाचा विषय बाजूला ठेवून तिच्याशी बोला, डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, कोणत्याही वेळी लागतो आणि मराठीतही बोलता येतं.

परीक्षेच्या तीन तासांची वाटणी कशी करू?

गुणाला दोन मिनिटं हा हिशेब धरा. ८० गुणांना १६० मिनिटं होतात आणि वीस मिनिटं हातात उरतात. त्यातली पहिली पाच प्रश्नपत्रिका वाचायला आणि कोणते पर्याय सोडायचे ते ठरवायला द्या. वस्तुनिष्ठ प्रश्नांवर रेंगाळत बसू नका, अडलेला सोडून पुढे जा. मोठी उत्तरं शेवटच्या अर्ध्या तासावर ढकलू नका. हात थकलेला असतो आणि सगळ्यात जास्त गुण तिथेच असतात. मोठं उत्तर सुरू करण्याआधी पुरवणीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने पाच शब्द लिहा, एका परिच्छेदाला एक. एखादं साल नक्की आठवत नसेल तर चुकीचं लिहिण्यापेक्षा ‘एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात’ असं लिहा. उरलेल्या पंधरा मिनिटांत प्रश्न क्रमांक, उपप्रश्नांची अक्षरं आणि पुरवण्यांची संख्या तपासा, नकाशाच्या प्रश्नातली नावं पुन्हा एकदा पाहा आणि मग पुरवण्या बांधा.